विरजणाची वही

"सर, साबण," रेणू म्हणाली.

नाल्याच्या काठावर उकिडवी बसून तिनं नमुन्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं होतं, बाटली स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली होती, हातमोजे उलटे करून पिशवीत टाकले होते आणि कॅनमधल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले होते. लाल साबणाची अर्धी झिजलेली वडी एका प्लास्टिकच्या डबीत होती. ती डबी तिनं माझ्यापुढं धरली.

"विभागात जाऊन धुतो," मी म्हणालो आणि बोटं पँटला पुसली.

मी मोजे घातले नव्हते. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात शिक्षकांनी मोजे घालणं थोडं कमीपणाचं समजलं जाई. विभागप्रमुख डॉ. खांबेटे दरवर्षी पहिल्या दिवशी मुलांना याच नाल्यावर आणत आणि सांगत, "नाकाला रुमाल कुणी लावायचा नाही. किळस वाटते ती न शिकलेल्या माणसाला." मुलं डोळे पाणावेपर्यंत तसाच श्वास घेत उभी राहत. मीही एकदा तसाच उभा राहिलो होतो. पुढं त्याच विभागात व्याख्याता झालो.

पाणी म्हणावं असं त्या नाल्यात काही नव्हतं. नासलेल्या कढीसारखं ते जागच्या जागी फुटलेलं होतं, वर साय धरलेली, आणि त्या सायीखालून कुणी झोपेत सुस्कारे टाकावेत तसे बुडबुडे येत होते. एखादा फुटला की त्याचा वास थेट जिभेवर बसे. काठानं पालक आणि मेथीचे वाफे होते, हिरवेगार, दृष्ट काढावी असे, आणि त्यांना पाणी याच नाल्याचं. मार्चमधल्या वऱ्हाडी उन्हात सगळं शिजत होतं. दहा पावलांवर बाभळीला धरून श्रीपाद लोहकरे ओकत होता. तोही एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, रेणूच्याच वर्गात.

"लोहकरे," रेणूनं हाक दिली, "नमुने पुरे झालेत. तुझा नको."

श्रीपादनं पाठमोऱ्यानंच हात हलवला. मी हसलो.

रेणू सारवान माझी विद्यार्थिनी, मी तिचा मार्गदर्शक. तिचा प्रबंध नाल्यातले जिवाणू या वाफ्यांपर्यंत आणि तिथून भाजीच्या पानापर्यंत कसे जातात, यावर होता. विषय तिनं निवडला नव्हता. नऊ मुलांना विषय वाटताना खांबेटे सर म्हणाले होते, "सारवान, तुला नाला. तू काही नाक मुरडणार नाहीस." वर्ग हसला होता, मीही हसलो होतो, आणि सहामाही शेऱ्यात मी 'निर्भीड' असं लिहिलं होतं. रेणूची आई नगरपालिकेत सफाई कामगार होती. हे तिनं लपवलं कधी नाही. "अम्मा याच नाल्याच्या वरच्या अंगाला तीस वर्षं झाडते, सर," ती एकदा म्हणाली होती. "मी खालच्या अंगाला मोजते. घरात काम वाटून घेतलंय."

परतताना बाटल्यांची पेटी तिनं खांद्याला लावली.

"उद्या चार वाजता नळी तुमच्याकडं द्यायची ना, सर?"

"हो."

"म्हणजे परवाचं ताक माझ्या विरजणाचं."

"वहीत तसंच आहे."

ती थोडं चालली. मग म्हणाली, "अम्मानं सुटी टाकलीय परवाची. लग्न-मयत सोडून तिची ही पहिली सुटी. मुकादम विचारतो, कोण गेलं? ती म्हणाली, कुणी गेलं नाही, लेकीच्या हातचं ताक प्यायला जायचंय."

ही नळी आणि वही काय, ते सांगायला हवं. विभाग सुरू झाला त्या वर्षी खांबेटे सरांनी आपल्या आईच्या हातचं विरजण कोकणातून आणलं होतं. सव्वीस वर्षं ते जिवाणूंचं कल्चर आम्ही जिवंत ठेवलं. काचेच्या नळीत निर्जंतुक दूध, त्यात थेंबभर दही. पंधरा दिवसांनी नवी नळी. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी अनुक्रमांकानं एकेक पंधरवडा ते सांभाळायचं, आणि निरोपसमारंभाला ज्याची पाळी असेल त्याच्या नळीनं दूध लावायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ताक घुसळून कुलगुरूंपासून शिपायांपर्यंत एकेक पेला. ज्याचं विरजण, त्याचं नाव वहीत. आमच्या मुलांना सुवर्णपदकाइतकाच त्या नावाचा मोह असे, कारण त्या ओळीत सव्वीस वर्षांची माणसं एकाखाली एक उभी होती. वहीचा नियम प्रयोगशाळेचाच. खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एकच रेघ मारायची, सही-तारीख टाकायची, आणि शेजारी मार्गदर्शकानं सही करायची. मार्गदर्शकाची सही नसेल तर दुरुस्ती धरायची नाही, आधीचंच खरं.

त्या वर्षी शेवटचा अनुक्रमांक सारवानचा होता.

विभागाच्या पायऱ्यांवरच झामरे शिपाई भेटले. "सर, सायब बलावून राह्यले. आत्ताच्या आत्ता."

हात धुवायला मी बेसिनकडं वळलो, नळाखाली बोटं धरली, झटकली आणि केबिनमध्ये गेलो.

"या उमाळे, बसा. चहा घ्या." खांबेटे सर कधी आवाज चढवत नसत. टेबलावर चहाचा ट्रे होता, दुधाची किटली, साखर, चमचे. त्याच्या पलीकडं काचेच्या वजनाखाली एक फाइल होती. कडेवर माझं नाव दिसत होतं. मला नोकरीत कायम करण्याची शिफारस त्या आठवड्यात जायची होती. सर त्या फाइलबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

"या वेळी नळी सारवानकडं आहे, नाही का?"

"हो सर. अनुक्रमांकानं."

"अनुक्रमांकानं. बरोबर." त्यांनी पेन सरळ लावलं. "ती नाल्यावर काम करते."

"तुम्हीच दिलात विषय, सर."

"म्हणूनच काळजी. सव्वीस वर्षांचं कल्चर आहे. माझ्या आईच्या हातचं. सांडपाण्याच्या नमुन्यांतून काही त्यात गेलं तर?"

"ती हात फार काटेकोर धुते. आमच्या सगळ्यांपेक्षा."

"असेल. मी शास्त्रीय मुद्दा मांडतोय. यात दुसरं काही नाही."

"नाही सर."

दुसरं काही आहे असं मी म्हटलंच नव्हतं. नाल्यावर श्रीपादही येतो, मीही जातो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी चहाचा घोट घेतला आणि त्याबरोबर ते गिळलं.

"लोहकरेची मागच्या पंधरवड्याची नळी फ्रिजमध्ये आहे," सर म्हणाले. "त्यातून थोडं दही आत्ताच लावून ठेवा. उद्या दुधाला ते वापरा. सारवानला दुखवायचं नाही हं. नळी तिच्याकडून घ्या, चार लोकांत कौतुक करा. वहीत नाव तिचंच राहू दे. पोरीला तेवढंच हवं असतं."

"लॅबमध्ये लावतो, सर."

"तिथं मुलं असतील. इथंच लावा. दूध आहे की."

"बर्नर नाही इथं."

"दह्याला कसला बर्नर हो?" ते मनापासून हसले. "आपल्या आयांनी काय बर्नर लावले होते?"

मी फ्रिजमधून श्रीपादची नळी आणली, रिकाम्या पेल्यात किटलीतलं कोमट दूध ओतलं, चहाच्या चमच्यानं नळीतलं दही काढलं आणि श्रीपादची नळी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली. चमच्यावरचं दही चिकट होतं, सुटेना. मी ते बोटानं निरपलं. पेल्यावर बशी झाकली. सरांनी तो पेला स्वतःच्या कपाटात, पुस्तकांच्या मागं ठेवला. "छान," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला रेणू नळी घेऊन आली. दूध असं बसलं होतं की नळी आडवी केली तरी हललं नसतं. चिकटपट्टीवर तिच्या सरळ अक्षरात 'रे. सा.' आणि तारीख.

"वा," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "याला म्हणतात विरजण."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिला हसू आवरत नव्हतं. ओढणीचं टोक दातात धरून ती उभी होती. वहीत मी तिच्यासमोर लिहिलं: निरोपाचं विरजण, रेणू सारवान. तिनं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, शाई वाळेपर्यंत पान धरून राहिली.

मग दूध लावायला म्हणून मी एकटाच आतल्या खोलीत गेलो. सरांच्या कपाटातून आणलेला पेला दोन पातेल्यांत रिकामा केला. तिची नळी खिशात राहिली.

ती बेसिनमध्ये ओतून नळी विसळून टाकली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आम्हा लोकांच्या हाडात एक सवय मुरलेली असते. जिवंत कल्चर गटारात सोडायचं नाही, आधी मारायचं. जिवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेटा वापरून झाल्यावर ज्या जाळीत टाकतात तिच्या तळाशी मी ती नळी खुपसली, वर प्लेटा रचल्या आणि ऑटोक्लेव्ह लावला. त्या भल्यामोठ्या कुकरनं थोड्या वेळानं वाफ सोडली. शिजलेल्या जिवाणूंचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच तो कळेल. मेलेल्या जनावराचा रस्सा करावा आणि त्यात गूळ घालावा, तसा. आठ वर्षं तो वास घेऊन मला काही होत नसे. त्या संध्याकाळी मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

शनिवारी सकाळी ऑटोक्लेव्ह रिकामा करण्याची पाळी कुणाची आहे, हे मी पाहिलं नव्हतं.

समारंभ विभागाच्या व्हरांड्यात होता. खांबाला दोर बांधून लाकडी रवी उभी केली होती. पहिले हात विरजणवाल्याचे, असा रिवाज. रेणूनं दोर धरला. ओवी म्हणायचं काम माझं. माझी आई गावी ताक घुसळताना जे गुणगुणायची ते मी पहिल्या वर्षी सहज म्हटलं होतं, सरांना फार आवडलं, मग दरवर्षीचंच झालं. मी गळा साफ केला आणि म्हटलं,

डेऱ्यात घुमे रवी, दोर ओढी दोन्ही हात
जिच्या हाताचं विरजण, तिची चव गं ताकात

रेणू दोर ओढता ओढता माझ्याकडं पाहत होती. एकदाही तिनं नजर हलवली नाही. मला वाटलं, पोरीला भरून आलंय. मी दुसऱ्यांदा जास्त आळवून म्हटलं.

तिची आई फुलाबाई सगळ्यांत मागच्या खुर्चीच्या कडेवर बसली होती. खुर्ची मोडू नये इतकं हलकं बसायचं तिनं ठरवलं असावं. घडीच्या रेघा न मोडलेली निळी साडी. पायांत लेकीच्या चपला, टाच बाहेर आलेली. खांबेटे सर स्वतः उठून मागं गेले, तिला हात जोडले आणि पहिल्या रांगेत कुलगुरूंच्या शेजारी आणून बसवलं. पहिला पेला आपल्या हातानं तिला दिला.

"आज आपल्या कन्येच्या हातचं ताक आम्ही सगळे पिणार," ते म्हणाले. "हा आमच्या विभागाचा संस्कार आहे."

टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. सरांनी आपला पेला वर केला, एका दमात संपवला आणि मिशीवरची पांढरी रेघ रुमालानं टिपली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, आणि त्याचीच मला शिसारी आली. एका वाक्यानं, एका चमच्यानं आम्ही जे केलं होतं ते त्यांच्या मनातून इतकं साफ धुऊन निघालं होतं की त्या ताकानं ते खरोखर गहिवरले होते. माझ्याही हातात पेला होता. मीही प्यालो. ताक थंडगार होतं, जिरं-मीठ नेमकं पडलं होतं.

फुलाबाईनं पेला दोन्ही हातांत धरला आणि लेकीकडं पाहिलं.

"पी ले, अम्मा," रेणू म्हणाली.

ती प्याली. पदरानं ओठ पुसले. "मीठा है, बेटा," ती हळूच म्हणाली. "तेरे हाथ का है."

"हं," रेणू म्हणाली.

स्वतःचा पेला तिनं ओठाला लावला नाही. खिशातून निर्जंतुक कुपी काढली आणि त्यात चमचाभर ताक घेतलं.

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"आठवण, सर."

सोमवारी खांबेटे सर आले नाहीत. झामरे तोंडावर हात धरून म्हणाले, "सायबाचं पोट बिघडलं. तांब्या घेऊन बसेल हायेत शनवारच्या रातीपासून. कुलगुरूच्या बंगल्यावरबी तीच गत म्हणे." माझंही पोट ठीक नव्हतं. ऊन फार आहे, असं मी बायकोला सांगितलं होतं.

रेणू प्रयोगशाळेत एकटी होती. टेबलावर स्वच्छ कागद अंथरून तिनं एक नळी आणि तीन प्लेटा मांडल्या होत्या. नळीतलं दूध शिजून तपकिरी झालं होतं, जळक्या खव्यासारखं. चिकटपट्टी सुरकुतली होती तरी अक्षरं वाचता येत होती.

"शनिवारी सकाळी जाळीच्या तळाशी सापडली," ती म्हणाली. "सात वाजता."

मी चिकटपट्टीवरची तारीख वाचली.

"दूध लावून उरलेली असेल, असं आधी वाटलं. पण वरचा थरसुद्धा फुटला नव्हता, सर. चमचा लागलाच नव्हता तिला."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"अम्मा निघाली होती घरून. नव्या साडीत."

खिडकीतून नाल्याचा वास येत होता. तिनं पहिली प्लेट माझ्याकडं सरकवली. या प्लेटांतलं खाद्य गडद वांगी रंगाचं असतं. त्यावर माणसाच्या आतड्यातले जिवाणू वाढले की हिरवी सोनेरी झळाळी येते. पोरं तिला मोरपीस म्हणत. पाण्याच्या नमुन्यात मोरपीस दिसलं की समजायचं, मैला मिसळलाय.

"ही माझी नळी. शुक्रवारी तुम्हाला द्यायच्या आधी कडेनं सुईच्या टोकाइतकं घेऊन मी तपासली होती. सवयीनं."

प्लेट कोरी होती.

"हे शनिवारचं ताक."

मोराचा पिसारा उन्हात धरावा तशी ती प्लेट उजळली. इतकी भरगच्च झळाळी मी नाल्याच्या नमुन्यातही क्वचित पाहिली होती. फार सुंदर दिसत होती ती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते.

"लोहकरेच्या नळीतलं होतं ते," मी म्हणालो. किती चटकन म्हणालो. "त्याचीच काही तरी घाण..."

तिनं तिसरी प्लेट सरकवली. "लोहकरेचीही लावली मी. फ्रिजमध्ये दुसरी नळी तेवढीच होती."

तीही कोरी होती.

आता टेबलावर फक्त माझे हात उरले होते. मी ते मागं घेतले. गुरुवारची दुपार मला दिसली. नाल्याच्या काठावरची लाल साबणाची डबी, पँटला पुसलेली बोटं, केबिनमधला चमचा, आणि चमच्यावर फिरलेलं हे बोट. ज्या हातांचा संसर्ग नको म्हणून आम्ही दार लावून घेतलं होतं ते हात कोपरापर्यंत धुतलेले होते. आणि कुलगुरूंपासून शिपायांपर्यंत सगळ्यांना मी माझ्या बोटांवरचा नाला पाजला होता. रेणूच्या आईलाही.

"अम्मा कशी आहे?"

"दोन रात्री झोपली नाही. परसाकडंच." तिनं प्लेटांची झाकणं नीट बसवली. "म्हणते, मोठ्या लोकांच्या पंगतीची सवय नाही पोटाला, म्हणून मानवलं नाही. तिला वाटतंय, ताक माझ्याच हातचं होतं. लाज वाटली तिला, सर. माझ्यासाठी. म्हणाली, तू कुणाला सांगू नको, मला त्रास झाला म्हणून."

"रेणू, मला..."

"तुमच्या आईची ओवी खरी आहे," ती म्हणाली. "ज्याच्या हाताचं विरजण, त्याची चव ताकात."

तिच्या आवाजात टोमणाही नव्हता. एखादा निष्कर्ष वाचून दाखवावा तसं तिनं ते म्हटलं. मग कपाटातून वही काढली आणि शुक्रवारचं पान उघडलं. पट्टी घेतली, आपल्या नावावर एकच रेघ मारली. खालचं अक्षर वाचता येईल अशी, मीच शिकवली होती तशी. शेजारी लिहिलं, 'हे विरजण माझं नाही.' सही केली, तारीख टाकली. वही माझ्याकडं फिरवली आणि त्यावर पेन ठेवलं.

"मार्गदर्शकाची सही, सर."

ती काय मागत होती ते मला नीट कळत होतं. सगळ्यांची पोटं बिघडली होती. दोन दिवसांत कुणीतरी विचारणार होतं, विरजण कुणाचं? वही बोट दाखवणार होती. माझी सही नसेल तर तिनं मारलेली रेघ हवेत मारल्यासारखी. तिला आता त्या ओळीत यायचं नव्हतं, तिला फक्त माझ्या घाणीखालून आपलं नाव काढून घ्यायचं होतं. आणि सही केली की पुढचा प्रश्न माझ्याकडं येणार होता, मग केबिनकडं, मग काचेच्या वजनाखालच्या फाइलकडं.

मी पेन उचललं. टोपण काढलं. निबेची शाई वाळली होती, ती मी कागदाच्या कोपऱ्यावर घासून उतरवली.

"सर बरे होऊन येऊ देत," मी म्हणालो. "मग बघू."

ती माझ्याकडं पाहत राहिली. नाल्याच्या काठी, वासाच्या लाटेत श्रीपाद ओकत असताना, तिच्या चेहऱ्यावर कधी रेषसुद्धा हलली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्या नाकपुड्या आक्रसलेल्या पाहिल्या. ओढणीचं टोक उचलून तिनं नाकाला लावलं, आणि ते तसंच धरून दुसऱ्या हातानं प्लेटा पिशवीत भरल्या. तपकिरी नळीही घेतली. जाताना साबणाची डबी काढून टेबलावर, वहीच्या शेजारी ठेवली.

"राहू द्या तुमच्याकडं," ती म्हणाली.

सर चार दिवसांनी आले. "कल्चर बिघडलं शेवटी," म्हणाले. "मी म्हणतच होतो." माझ्याकडं पाहून म्हणाले, आणि मला कळलं की त्यांना खरंच तसं वाटू लागलंय. ताकाची प्रथा त्या वर्षापासून बंद झाली. महिनाअखेर मी कायम झालो. रेणूनं प्रबंध वेळेत दिला, पहिला वर्ग मिळवला, पुढच्या संशोधनासाठी आमच्याकडं अर्ज केला नाही. ऐकलं की दक्षिणेकडं कुठल्याशा शहरात पिण्याच्या पाण्याची प्रयोगशाळा चालवते. लोहकरेला तिची पत्रं येत. मला कधी आलं नाही.

विभागात मात्र तिचं नाव राहिलं. नवी मुलं यायची, जुनी त्यांना सांगायची की इथं सव्वीस वर्षांचं एक विरजण होतं, मग एक मुलगी आली, नाल्यावर काम करणारी, तिच्या हातानं नासलं. मी विभागप्रमुख झालो तेव्हाही ते सांगितलं जात होतं. एकदा तर माझ्यासमोरच, माझ्याच केबिनमध्ये. पहिल्या वर्षाच्या एका पोरीनं मला विचारलं, "सर, हे खरं आहे का?" मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट आहे ती."

मागच्या वर्षी निवृत्त झालो. टेबल आवरताना वही सापडली, ती घरी आणली. पान पिवळं पडलंय. तिची रेघ सरळ आहे, खालचं नाव अजून वाचता येतं, आणि शेजारी सहीची जागा तेवढी कोरी आहे. कोपऱ्यात मी पेन घासलं होतं, त्याचा एक निळा ओरखडा.

परवा मी तिथं सही केली. तारीखही घातली, खरी. मग आठवलं की आता मी कुणाचा मार्गदर्शक नाही, ही सही वहीच्या नियमानं धरता येणार नाही. वही मिटली आणि हात धुवायला गेलो.